भाच्याचं नाक

सन तेराशे पन्नास फसली, म्हणजे तुमच्या कॅलेंडरात एकोणीसशे एक्केचाळीस. माझं वय अकरा. अकरा हे आईच्या हिशेबानं, शाळेच्या रजिस्टरात नऊच. नाव घालायला बाप घेऊन गेला तेव्हा त्यानं सांगितलं होतं, "आठ सरलेत." मास्तरांनी मला खालीवर बघितलं, "दिसत नाही" म्हणाले आणि सहा लिहिलं. ती दोन वर्षं मला कुणी परत दिली नाहीत.

मी शाळेत गेलो तीन वर्षं. तेवढ्या भांडवलावर हे लिहितोय. लिहायचं कारण असं की परवा नातीच्या शाळेतून नियमांचं पुस्तक आलं. गुळगुळीत कागद, वर शाळेचं चित्र. केस किती लांब, मोजे कोणत्या रंगाचे, हसायचं कुठं आणि बोलायचं कधी. खाली पालकानं सही करायची. मुलगा घरी नव्हता म्हणून सून म्हणाली, "मामंजी, तुमीच करा." मी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि सही केली नाही. का केली नाही ते इथं सांगतो. सुनेला सांगत बसलो असतो तर भाकरी करपली असती.

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, झरीच्या अलीकडं, पेडगावच्या वाटेला. घरी मेंढरं आणि ओढ्याच्या कडंनं दोन तुकडे जमीन. शाळा म्हणजे चावडीच्या मागची एक खोली. तिला एक दार, एक खिडकी, आणि खिडकीसमोर एक कडुलिंब. दारावर लाकडाची फळी ठोकलेली, तिच्यावर शाळेचे नियम लिहिलेले. ते उर्दूत. गावात उर्दू वाचणारी माणसं दोन, एक पटवारी आणि दुसरे मास्तर. पटवाऱ्याला शाळेत यायचं नव्हतं आणि मास्तरांना नियम पाळायचे नव्हते. ज्यांना पाळायचे होते त्या आम्हांला वाचता येत नव्हते. चूक झाल्यावर पाठीवर कळायचं, की असा एक नियम होता.

मार खात खात मला त्यातले बरेचसे पाठ झाले. उघड्या डोक्यानं मास्तरांसमोर यायचं नाही. "होय" म्हणायचं नाही, "जी साब" म्हणायचं. सकाळी रांगेत उभं राहून सरकारला उदंड आयुष्य मागायचं. ते गाणंही उर्दूत. आम्ही तोंड उघडझाप करायचो. सरकारला आमच्या तोंडातून काय आयुष्य मिळालं असेल ते देवाला ठाऊक. बाहेर जायचं असेल तर बोट वर करायचं, आणि मास्तर बघेपर्यंत दम धरायचा. मास्तर बघायचे नाहीत. दम न निघालेली पोरं मी बघितली आहेत, त्यांना वर आणखी मार.

मास्तरांच्या घरी पाणी भरायचं हा नियम फळीवर नव्हता. तो सगळ्यांत कडक होता.

हे मास्तर औरंगाबादकडचे. घरात आईशी आमच्यासारखंच मराठी बोलायचे, पाणी भरताना मी कानांनी ऐकलंय. शाळेच्या उंबऱ्यात पाय टाकला की त्यांची जीभ बदलायची. टोपी सरळ, मिशी सरळ, छडी सरळ. माणूस वाकडा.

पण ज्या नियमानं माझं नाव कमी झालं तो वेगळा. तो फळीवर होता की मास्तरांच्या डोक्यातला, हे मला आजवर कळलं नाही. मास्तर रांगेला एक सवाल टाकायचे. पहिल्याला नाही आला तर दुसऱ्याला, त्याला नाही आला तर तिसऱ्याला. ज्याला येईल त्यानं पुढं व्हायचं, आणि ज्यांना आला नाही त्या प्रत्येकाचं डाव्या हातानं नाक धरायचं आणि उजव्या हातानं थोबाडीत मारायची. नाक धरायचं ते एवढ्यासाठी, की समोरच्याला तोंड फिरवता येऊ नये. हळू मारली तर मास्तर मारणाऱ्याला जवळ बोलवायचे. "जोरात म्हणजे कशी ते दाखवतो तुला," म्हणायचे आणि दाखवायचे.

ह्यात मास्तरांचा हात दुखत नव्हता. पोरं एकमेकांना मारायची, मास्तर पान लावायचे. असा आरामाचा कायदा मी पुढं रझाकारीच्या दिवसांतसुद्धा बघितला नाही. तिथं मारणाऱ्याला निदान स्वतः मारावं लागायचं.

आता माझी अडचण सांगतो. माझ्या वर्गात माझा भाचा होता.

मी घरातलं शेंडेफळ. थोरली बहीण माझ्या जन्माच्या आधी मानवतकडं दिलेली. तिला लेकरू झालं ते माझ्या दोन महिने आधी. तिच्या सासरच्या गावात शाळा नव्हती म्हणून तिनं पोरगा आमच्याकडं ठेवला. म्हणजे मी मामा आणि तो भाचा, आणि भाचा मामापेक्षा दोन महिन्यांनी मोठा. बोरीच्या झाडावर तो मला "ए मामा, खालचं फांदाडं धर" म्हणायचा, आणि दिवाळीला आई मला म्हणायची, "पड भाच्याच्या पाया." मी पडायचो. तो पायाचा अंगठा हलवून मला दाखवायचा. हसायचो दोघं.

हसायचो, तरी पडायचो. आमच्यात बहिणीचं लेकरू मानाचं. मामा पिकल्या मिशांचा असला तरी पाळण्यातल्या भाच्याच्या पाया पडतो. आणि भाच्यावर हात उचलत नाही. उचलला तर म्हातारपणी तो हात थरथरायला लागतो. हे आम्हांला कुणी शिकवलं नव्हतं, दिसत होतं. खिडकीसमोरच्या त्या लिंबाखाली एक म्हातारा बसायचा. तांब्या तोंडाशी नेईपर्यंत त्याचं अर्धं पाणी सदऱ्यावर सांडायचं. आई सांगायची, पंचक्रोशीत त्याच्यासारखा मेंढरं कातरणारा नव्हता. एकदा औतावर भाच्याला चाबकानं हाणलं. त्या म्हाताऱ्याच्या हातात पुढं कुणी कातर दिली नाही. मेंढराचं कातडं पातळ असतं. हात हलला की जनावर रक्तानं भरतं.

मेंढरंवाल्याच्या घरात हात गेला म्हणजे काय गेलं, हे ज्याला कळत नाही त्यानं पुढं वाचू नये.

तर तिसरीत पहिल्याच आठवड्यात मला दिसलं, की मला सवाल यायला लागलेत आणि भाच्याला येत नाहीत. आज ना उद्या तो रांगेत उभा राहणार आणि मी त्याचं नाक धरणार. मग मी ठरवलं. मला काही येत नाही.

साडेतीनचा पाढा, त्याला आम्ही औटकी म्हणायचो. ती मला बापाच्या मांडीवर येत होती. मास्तर विचारायचे, "पाच औट?" मी छताकडं बघून म्हणायचो, "बारा." पोरं हसायची. पुढचा कुणी "साडेसतरा" म्हणायचा आणि येऊन माझं नाक धरायचा. वर्षभर मी रोज थोबाडीत खाल्ली. ज्याला मी घरी पाढे सांगायचो त्या भाच्याचीसुद्धा खाल्ली, कारण संध्याकाळी मेंढरं कोंडताना मीच त्याच्याकडून उद्याचं घोकून घ्यायचो, म्हणजे तो रांगेत येऊ नये. भाच्यानं मामाला मारलं तर त्याला दोष नाही. त्याचा हात त्याला माफ आहे.

पहिल्यांदा त्यानं मारली तेव्हा नुसता हात लावला. मास्तरांनी त्याला जोरात म्हणजे कशी ते दाखवलं. त्यानंतर तो नीट मारायला शिकला. घरी जाताना म्हणायचा, "मामा, लागलं का?"

"न्हाई. तू उद्याचं सहा औट म्हण."

"सहा औट एकवीस."

"म्हण परत."

मास्तरांनी रजिस्टरात माझ्या नावापुढं 'कुंदजेहन' लिहिलं. म्हणजे बोथट डोक्याचा. बोथट कातर आम्ही दगडावर घासून धार लावतो. मास्तरांनी लिहून ठेवलं आणि त्यांचं काम संपलं.

हे सगळं मी मुकाट्यानं सोसलं त्याला कारण होतं. वर्षाच्या शेवटी, शिमग्याच्या सुमाराला, परभणीहून शाळा तपासायला साहेब यायचे. त्यांना मोहतमीम म्हणायचे. ते एका पोराचं नाव लिहून न्यायचे, त्याला परभणीच्या मोठ्या शाळेत जागा आणि तिथंच राहायला, खायला. बापानं मला एका वाक्यात सांगितलं होतं, "सायबानं तुझं नाव लिहिलं तर जा परभनीला. न्हाई लिहिलं तर कातर घे."

मला परभणी पाहिजे होती. खोटं कशाला बोलू, लय पाहिजे होती. आगगाडीत बसायचं होतं, आणि औटकीच्या पुढं काय असतं ते बघायचं होतं. माझा विचार असा, की एवढा मोठा साहेब समोर बसलेला असताना पोरांना एकमेकांच्या थोबाडीत मारायला कोण लावील? लाज असते माणसाला. पाहुणा आला की घरातलं भांडण आपण बाहेर काढतो का? तेव्हा वर्षभर बोथट राहायचं आणि त्या एका दिवशी सगळं बोलून टाकायचं. आमच्या घरची रीत मी मास्तरांना लावली. चुकलो ते तिथं.

आणखी एक. तपासणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी वाड्यात मेंढरं मोजताना भाचा म्हणाला, "मामा, दहाच्या म्होरलं सांग की."

"दहाच्या म्होरलं इचारीत नसतेत."

"इचारलं तर?"

"न्हाई इचारीत. तू दहापत्तर पक्कं कर."

विचारणार हे मला माहीत होतं. दहापर्यंत सगळ्यांनाच येत होतं, साहेबापुढं मास्तर त्याच्या वरचंच काढणार. मी सांगितलं नाही. जागा एकच होती.

सकाळी चावडीपुढं सडा पडला. वाटेच्या दोन्ही बाजूंना चुन्याचे दगड मांडले. पोरांच्या बोटांची नखं दोनदा बघितली. टोपी नसलेल्यांना घरी हाकललं. मला टोपी होती, पण ती बापाची. कानावर यायची. आईनं आत लोकरीचा गोळा कोंबून ती बसवून दिली होती. "वाकू नगंस," म्हणाली.

साहेब पेडगाव टेशनावरून टांग्यात आले. शेरवानी, तकाकीचे बूट. पाटलाची खुर्ची आणून ठेवली होती, तिच्यात बसले. आम्ही सरकारला आयुष्य मागितलं. मग मास्तर म्हणाले, तिसरीची पोरं औटकी म्हणतील. औटकी ही मास्तरांची शान. आम्ही तिसरीत सहा जण. चौघं गावातले, पाचवा भाचा, सहावा मी, बोथट म्हणून त्या दिवशी शेवटी उभा केलेला.

"तेरा औट?" मास्तरांनी पहिल्याला विचारलं.

तो गप्प. दुसऱ्यानं चाळीस सांगितलं. तिसरा रडवेला झाला. चौथा मास्तरांच्या छडीकडं बघत राहिला. मास्तरांच्या कपाळावर घाम आलेला मला दिसला आणि मला बरं वाटलं. मग त्यांनी भाच्याकडं बघितलं, मोठ्या आशेनं. भाच्यानं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"बावन्न," भाचा म्हणाला.

मास्तर मला विचारणारच नव्हते. साहेबांनीच बोट केलं, "और ये?"

"साडेपंचेचाळीस," मी म्हणालो.

मास्तरांना वाटलं, अंदाजानं लागलं. "एकोणीस औट?"

"साडेसहासष्ट."

"सत्तावीस औट?"

"साडेचौऱ्याण्णव. म्होरलं बी सांगू का?"

साहेब हसले. "शाबाश," म्हणाले, खिशातून लेखणी काढली, गुडघ्यावर कागद ठेवला. "नाम?"

मी नाव सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात मास्तर पुढं झाले. वर्षभर ज्याला गाढव म्हणून लिहिलं तो हुशार निघाला, ह्यात त्यांची शोभा झाली होती. ती त्यांना झाकायची होती. ते वाकून म्हणाले, "जनाब, हमारे मदरसे का एक क़ायदा है," आणि तो कायदा काय ते त्यांनी हात फिरवून फिरवून सांगितलं. साहेबांनी लेखणी तशीच हवेत धरली आणि म्हणाले, "देखें."

मला अजून ती लेखणी दिसते. तिच्या टोकाला शाईचा थेंब होता.

मी पुढं झालो. चौघांना मारलं. मन लावून मारलं. वर्षभराची परतफेड होती आणि मला त्याची अजून लाज वाटत नाही. मग पाचव्यासमोर आलो.

भाच्यानं स्वतःच नाक पुढं केलं. बारीक आवाजात म्हणाला, "हाण की मामा. माजं काय जायलंय?"

"तुजं न्हाई. माजं जायलंय."

"मग हळू हाण."

"हळू बी हाणायचं नसतंय."

मास्तर ओरडले, "क्या खुसरफुसर चल रही है? नाक धर."

मी म्हणालो, "साब, ह्यो माजा भाचा हाय."

पोरं हसली. मार खाल्लेली चौघंही हसली. साहेबांनी विचारलं काय म्हणतो, मास्तरांनी सांगितलं. साहेबांना गंमत वाटली असावी. "जाने दो मास्टर," म्हणाले. त्यांचं काही अडलं नव्हतं. मी देवाशपथ सांगतो, साहेबानं मला सोडलं होतं. पण मास्तरांना सोडता येईना. साहेबापुढं शिस्त दाखवायला घेतली होती, ती अर्धी राहत होती.

"शाळेत मामा-भाचा काही नसतं," ते मराठीत म्हणाले, जीभ बदलायला विसरले. "शाळेत फक्त नियम. मार, नाहीतर नाव कमी करतो."

इथं मी गप्प बसलो असतो तर कदाचित आजही माझं नाव कुठंतरी लिहिलेलं असतं. मी गप्प बसलो नाही. दिवाळीत मास्तरांची बहीण आली होती. आम्ही त्यांच्या रांजणात पाणी ओतत होतो आणि ओसरीवर मास्तर तिच्या दोन वर्षांच्या शेंबड्या पोराच्या पाया पडत होते. पोरानं त्यांची टोपी ओढून खाली टाकली. मास्तर उघड्या डोक्यानं हसत होते. मी त्यांना हसताना बघितलं ते तेवढंच.

मी म्हणालो, "तुमी बी दिवाळीला पडलाव की तुमच्या बहिनीच्या लेकराच्या पाया. टोपी पडली हुती तुमची. मग त्याच्या थोबाडीत हाना की आधी."

मास्तरांचा चेहरा चुन्याच्या दगडासारखा झाला. साहेबांनी विचारलं, "क्या बोला?"

"कुछ नहीं जनाब," मास्तर म्हणाले. "बदज़बानी करता है."

जे मी बोललो ते ज्याला सांगायला पाहिजे त्याला त्यांनी सांगितलं नाही. ज्याला दोन भाषा येतात तो असा लबाड होऊ शकतो. मला एकच येत होती.

मग मी काय केलं, तर भाच्यासमोर वाकलो आणि त्याच्या पायांना हात लावला. वाकू नकोस असं आईनं सांगितलं होतं. टोपी पडली, आतला लोकरीचा गोळा सुटला आणि साहेबांच्या तकाकीच्या बुटापर्यंत घरंगळत गेला. साहेबांनी पाय मागं घेतला, जणू उंदीर आला. त्यांचं हसू गेलं. त्यांना रीत कळली नव्हती, पण उघडं डोकं आणि मेंढराची लोकर बरोबर कळली.

"बेअदब," ते म्हणाले.

मास्तरांना तेवढंच पाहिजे होतं. ते भाच्याला म्हणाले, "तू मार ह्याला."

भाच्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, मार म्हणालो. त्यानं माझं नाक धरलं आणि मारली. वर्षभर शिकला होता, तशी मारली. आवाज बाहेर लिंबापर्यंत गेला असेल.

साहेब म्हणाले, "ये लड़का हुक्म मानता है." आणि गुडघ्यावरच्या कागदावर भाच्याचं नाव लिहिलं.

ज्यानं तेरा औट बावन्न सांगितलं तो परभणीला निघाला. ज्यानं साडेपंचेचाळीस सांगितलं त्याच्या नावावर मास्तरांनी त्याच जागी, साहेबांसमोर, तांबड्या शाईची रेघ ओढली. रजिस्टरातला नऊ वर्षांचा पोरगा कमी झाला. अकरा वर्षांचा टोपी उचलून घरी गेला. लोकरीचा गोळा मी उचलला नाही. साहेबानंच उचलावा म्हणून ठेवला.

नातीच्या शाळेचं ते गुळगुळीत पुस्तक वाचताना मला ही रेघ दिसत होती. नियम करणाऱ्याला पोरं शहाणी झालेली नको असतात. पोरं रांगेत पाहिजे असतात, नाक पुढं करून. मोज्याचा रंग बदलला, बाकी आहे तेच आहे. सही मागतात ती कशाला, तर उद्या तुमच्या पोराचं नाक धरलं तर तुम्ही बोलू नये म्हणून. माझी सही त्यांना मिळायची नाही.

त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा बाप वाड्यात मेंढरू पाडून कातरत बसला होता. हात न थांबवता म्हणाला, "लिहिलं का सायबानं?"

"लिहिलं. भाच्याचं."

कातर थांबली. "आन् तुजं?"

"माजं कमी केलं."

बापानं मागच्या भिंतीकडं बघितलं. तिथं खुंटीला दुसरी कातर होती.

आईनं मात्र माझा गाल बघितला. पाची बोटं उठली होती. "कुनी हानलं?"

भाचा दारात उभा होता, रडायला लागला. "म्या हानलं मामाला."

"हानू दे," आई त्याला म्हणाली, "तुला मुभा हाय." मग माझ्याकडं वळली. "तू न्हाई ना उचललास हात?"

"न्हाई."

"मग बस जेवायला."

मी बसलो. मोठी लढाई मारून आल्यासारखा बसलो. पहिला घास तोंडात होता तोवर भाचा हुंदके देत म्हणाला, "मला कसं येनार? मामानं दहाच्या म्होरलं सांगितलंच न्हाई. म्या इचारलं तरी न्हाई सांगितलं."

आईचा हात भाकरीवर थांबला. "का रं?"

मास्तरांना उत्तर दिलं होतं, साहेबासमोर बोललो होतो. हिच्यासमोर मी भाकरीचा तुकडा मोडत बसलो. मी घास गिळला.

"हात न्हाई उचललास ते बरं केलंस," ती म्हणाली. "पर त्याला त्या रांगेत हुबा कुनी केला?"

तिनं आवाज चढवला नाही. नाकही धरलं नाही. मास्तरांच्या वर्षभराच्या थोबाडीत एवढं लागलं नव्हतं. त्या दिवशी भाचा भिंतीकडं तोंड करून झोपला. परभणीला जायला त्याला आठ दिवस होते, तोवर त्याला त्याच वर्गात बसायचं होतं. आणि परभणीत कुणीतरी तेरा औट विचारणारच होतं.

आज वयाची ऐंशी मागं टाकली आहे. हे सगळं मी माझ्या हातानं लिहिलंय, ओळी सरळ आहेत, बघा. तांब्या तोंडाशी नेताना थेंब सांडत नाही. गेल्या साली नातवांना दाखवायला एक मेंढी कातरली, तिला ओरखडा नाही. हा हात मी तिथं न उचलता घरी आणला, ही माझी कमाई. मास्तरांचे हात म्हातारपणी कसे होते ते मला माहीत नाही. विचारायला गेलो नाही.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुंटीवरची कातर घेतली. भाचा टोपी घालून शाळेला निघाला होता. उंबऱ्यात त्याच्या पाया पडलो. त्यानं अंगठा हलवला नाही. मी दहा-बारा मेंढरं काढली आणि ओढ्याकडं न नेता चावडीमागं नेली, त्या खिडकीसमोर. लिंबाखालचा म्हातारा सरकून बसला, मला जागा दिली. आत हजेरी चालली होती. माझं नाव आलं नाही. मी उघड्या डोक्यानं बसलो, पहिली मेंढी पाडली, पाय बांधले आणि गळ्यापासून कातर लावली. आणि मोठ्यानं, खिडकीच्या आत जाईल अशा आवाजात सुरू केलं, "अकरा औट साडेअडतीस. बारा औट बेचाळीस. तेरा औट साडेपंचेचाळीस."

मास्तर खिडकीत आले. फळीवर चावडीमागं मेंढरं कातरण्याबद्दल काही लिहिलेलं नसावं, कारण ते उभे राहिले आणि परत गेले. खिडकीच्या कोपऱ्यात मला भाच्याची टोपी दिसत होती. तिच्याकडं बघत, हात ढळू न देता, मी तीस औटपर्यंत म्हणालो. मग दुसरी मेंढी घेतली आणि परत अकरापासून सुरू केलं.